शिबिराची तारीख आधी, बॅनर नंतर

मंडळाच्या बैठकीत रक्तदान शिबिराचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: यंदा किती बाटल्या करायच्या? काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या येऊन कैक वर्षं झाली, तरी तोंडात बाटलीच बसलीय. शेजारच्या मंडळानं गेल्या वर्षी दोनशे केल्या, मग आपण अडीचशे करू. त्यानंतर बॅनर, प्रमुख पाहुणे, भेटवस्तू. तारखेवर कुणी बोलतच नाही, कारण ती आधीच ठरलेली असते: २६ जानेवारी, शिवजयंती, १४ एप्रिल, १ मे, १५ ऑगस्ट, गणपती, नाहीतर साहेबांचा वाढदिवस.

माझ्या मते शिबिराचं निम्मं यश तारखेतच ठरतं. कारण साधं आहे, रक्त टिकत नाही. पिशवीत आधीपासून भरलेल्या द्रवावर अवलंबून लाल पेशी ३५ किंवा ४२ दिवस टिकतात, त्याही २ ते ६ अंश तापमानात. प्लेटलेट फक्त ५ दिवस, त्या फ्रीजमध्ये नाही तर २० ते २४ अंशांवर सतत हलत्या यंत्रावर ठेवाव्या लागतात. वर्षभर टिकतो तो फक्त प्लाझ्मा, उणे ३० अंशाला गोठवलेला. म्हणजे १५ ऑगस्टला घेतलेल्या ३५ दिवसांच्या पिशवीची मुदत १९ सप्टेंबरला संपते. त्या एकाच दिवशी शहरातल्या पंधरा-वीस मंडळांनी शिबिरं घेतली तर रक्तपेढीचे फ्रीज दोन दिवसांत भरतात आणि पाच आठवड्यांनी त्यातल्या काही पिशव्या दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात. हे कुठलाच पाहुणा भाषणात सांगत नाही.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. रक्त दिल्यावर पुरुषाला ९० दिवस आणि बाईला १२० दिवस पुन्हा देता येत नाही. १४ एप्रिलला दिलेला माणूस १३ जुलैपर्यंत बंद. १ मेला दिलेला ३० जुलैपर्यंत. आता कॅलेंडर बघा. खरा तुटवडा मे महिन्यात असतो: कॉलेजं बंद, चाकरमानी गावाला, लग्नसराई, ऊन. ऑपरेशनं, अपघात आणि बाळंतपणं मात्र सुट्टी घेत नाहीत. आणि त्याच मे महिन्यासाठी लागणारे दाते आपण एप्रिलच्या मध्यावर एका दिवसात वापरून टाकलेले असतात. याउलट २६ जानेवारीला दिलेला पुरुष २६ एप्रिलला मोकळा होतो, दिलेली बाई २६ मेला. मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारचं शिबिर याच जानेवारीच्या यादीतल्या पुरुषांवर उभं राहू शकतं. जयंतीचं शिबिर बंद करा असं कुणी म्हणत नाही. दोनशे जणांची यादी असेल तर ती तीन तुकड्यांत फोडा, एका तुकडीला जयंतीच्या दिवशी बोलवा, दुसरीला मेमध्ये, तिसरीला दिवाळीच्या सुट्टीत. दिवाळीतही तीच ओढाताण असते.

पावसाळ्याचं गणित वेगळं. जुलैपासून डेंग्यू वाढतो आणि प्लेटलेटची मागणी चढते. गणपतीतलं शिबिर त्या दृष्टीनं वेळेवरच असतं, पण प्लेटलेट पाच दिवसांच्या, त्यातला एक दिवस तपासणीत जातो. त्यामुळे दहा दिवसांच्या गणपतीत एका परिसरातल्या पाच मंडळांनी एकाच रविवारी शिबिर घेण्यापेक्षा दोन-दोन दिवसांच्या अंतरानं वाटून घेतलं तर तेच दाते दुप्पट उपयोगी पडतात. मंडळांमंडळांत एवढं बोलणं होत नाही ही आपली रड आहे, पण रक्तपेढीच्या समाजसेवा अधिकाऱ्याला मध्ये घातलं तर होतं. त्याच्याकडे सगळ्यांच्या तारखा असतात.

आणि एक शुद्ध देशी अडचण: उपवास. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजान यांतला दिवस निघाला तर निम्मी माणसं दारातून परत जातात, नाहीतर ‘सकाळी खाल्लंय’ असं खोटं सांगून खाटेवर चक्कर येऊन पडतात. तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवा.

तारीख पक्की झाली की रक्तपेढी. कायद्याच्या नियमांत २०२० पासून तिला रक्तकेंद्र म्हणतात, बोलताना सगळे पेढीच म्हणतात. परवाना आहे का हे तर बघायचंच. त्यापुढे तीन प्रश्न विचारायचे. एक, तुमच्याकडे रक्ताचे घटक वेगळे करायची सोय आहे का आणि आमच्या शिबिराला तिहेरी पिशव्या किती आणणार? तिहेरी पिशवीतून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे तीन घटक निघतात, म्हणजे तीन रुग्णांना उपयोग. एकेरी पिशवीतून फक्त अखंड रक्त मिळतं. दोन, सध्या तुमच्याकडे साठा किती आणि या तारखेला तुम्हाला किती पिशव्या खरंच हव्यात? प्रामाणिक पेढी ‘साठच पुरे’ असंही सांगते. असं सांगणारी पेढी सोडू नका. तीन, गाडी मध्येच एक फेरी मारेल का?

तिसऱ्या प्रश्नामागे सहा तासांचा हिशेब आहे. प्लेटलेट मिळवायच्या तर रक्त काढल्यापासून सहा तासांच्या आत पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगानं फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात, फिरायला हवी. शिबिर सकाळी नऊ ते दुपारी तीन, आणि पेढी तालुक्यापासून दीड तासावर. सगळ्या पिशव्या शेवटी एकदमच निघाल्या तर त्या साडेचारला पोचतात. साडेदहाच्या आधी घेतलेल्या प्रत्येक पिशवीतल्या प्लेटलेट गेल्या. सकाळची गर्दी मोठी असते, म्हणजे तोटाही तिथेच मोठा. बाराच्या सुमाराला एक खेप निघाली तर हा प्रश्न सुटतो. पेढीकडे दुसरी गाडी नसेल तर मंडळातल्या कुणाची चारचाकी आणि पेढीचा एक माणूस, एवढ्यानं भागतं. पिशव्या त्यांच्याच डब्यातून, त्यांच्याच माणसाच्या ताब्यात जायला हव्यात, हे मात्र ठाम.

आता क्षमता. नियमावलीत शिबिरासाठी मनुष्यबळ लिहिलेलं आहे: तीन तासांत ५० ते ७० किंवा पाच तासांत १०० ते १२० दाते घ्यायचे तर ६ ते ८ खाटांमागे एक डॉक्टर आणि दोन परिचारिका, शिवाय तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक आणि दोन मदतनीस. हा आकडा उगाच आलेला नाही. सुई आत गेल्यावर पिशवी पाच ते आठ मिनिटांत भरते, पण झोपणं, शीर शोधणं, नंतर पाच मिनिटं पडून राहणं धरलं तर एका खाटेवर तासाला तीनच माणसं नीट होतात. आठ खाटा, तासाला २४, पाच तासांत १२०. तुम्ही अडीचशेचा बॅनर लावला आणि पथक एकच आलं, तर उरलेली माणसं एकतर कंटाळून जातात किंवा त्यांची तपासणी घाईत उरकली जाते. दुसरं जास्त वाईट.

म्हणून वेळा वाटून द्याव्यात. अर्ध्या तासाला बारा नावं. फोनवर सांगायचं आणि आदल्या दिवशी संध्याकाळी असा निरोप टाकायचा:

‘उद्या तुमची वेळ साडेनऊ. आज रात्री दारू नको, झोप पूर्ण घ्या. सकाळी पोहे, उपमा, पोळीभाजी, काहीही पोटभर खाऊन या, फक्त फार तेलकट नको. घरून निघताना दोन ग्लास पाणी प्या. बाही सहज वर सरकेल असा शर्ट घाला. चालू औषधांची पाकिटं आणि ओळखपत्र सोबत असू द्या. तीन महिन्यांत रक्त दिलं असेल (बायकांनी चार महिन्यांत), वर्षभरात टॅटू काढला असेल किंवा कुत्रा चावून रेबीजची इंजेक्शनं घेतली असतील तर येऊ नका, आधी फोन करा.’

या शेवटच्या वाक्यानं गर्दी कमी होते, त्याची काळजी करू नका. तो माणूस तासभर रांगेत उभा राहून परत गेला तर पुढच्या वेळी तो येत नाही आणि त्याच्या घरचेही येत नाहीत. बाकीचे मुख्य निकष असे: वय १८ ते ६५, पण पहिल्यांदाच देणाऱ्यासाठी ६० पर्यंत. वजन ४५ किलोच्या वर असेल तर ३५० मिली घेतात, ४५० मिलीसाठी ५५ किलोच्या वर लागतं. हिमोग्लोबिन किमान १२.५, बाई असो की पुरुष. मलेरिया बरा होऊन तीन महिने झालेले हवेत, टायफॉईड होऊन बारा महिने. इन्शुलिन घेणाऱ्याचं रक्त घेत नाहीत. गोळ्यांवर साखर आटोक्यात असलेल्याचा निर्णय डॉक्टर घेतात. बाळाला अंगावर पाजणारी आई आणि पाळी चालू असलेली बाई यांनाही नको. यादी मोठी आहे आणि शेवटचा शब्द डॉक्टरचाच. ‘आमचा अध्यक्ष आहे हो, घ्या त्याचं’ म्हणून डॉक्टरच्या टेबलाशी उभं राहणाऱ्या कार्यकर्त्याला दुसरं काम द्या.

जागा तळमजल्यावरच हवी. मंगल कार्यालयाचा पहिला मजला फुकट मिळत असला तरी घेऊ नका. रक्त दिल्यावर चक्कर बऱ्याचदा उठून चालायला लागल्यावर येते, आणि जिना ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. पत्र्याच्या मांडवात दुपारी शिबिर घेणं हा दुसरा ठरलेला घोटाळा. चार पंखे लावले तरी ती गरम हवाच फिरते, घाम येतो, दाते पडतात. मेमध्ये घ्यायचं तर सकाळी आठ ते बारा, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या पक्क्या छताखाली. तीस बाय चाळीस फुटांच्या खोलीत आठ खाटा, टेबलं आणि बसायच्या खुर्च्या आरामात मावतात. हात धुवायला पाणी जवळ हवं. वीज सलग हवी, कारण पिशवीची नळी उष्णतेनं बंद करणारं सीलर आणि पिशवी हलवणारं यंत्र दोन्ही विजेवर चालतात. इन्व्हर्टर किंवा जनरेटर आदल्या दिवशी चालवून बघा, त्यात डिझेल आहे का तेही.

मांडणी एकाच दिशेनं: दारात नोंदणी, मग वजन आणि हिमोग्लोबिन, मग डॉक्टर, मग पाण्याचा ग्लास, मग खाट, मग खुर्च्या आणि खाणं, आणि वेगळ्या दारानं बाहेर. येणारा आणि जाणारा समोरासमोर येऊ नयेत. आधीच घाबरलेल्या पोरानं पांढऱ्याफटक चेहऱ्याचा माणूस बघितला की तोही खाटेवर जाऊन तसाच होतो. वजनाचा काटा सतरंजीवर ठेवू नका, चुकीचं दाखवतो. फरशीवर ठेवा. डॉक्टरचं टेबल मात्र कोपऱ्यात, पडद्याआड, आणि तिथे दात्याशिवाय कुणीही नको. तिथे लैंगिक संबंध, नशा, आजार यांबद्दल प्रश्न असतात. मागे गल्लीतली चार पोरं उभी असतील तर एकही माणूस खरं बोलणार नाही. रक्ताची सुरक्षितता या पडद्यावर अवलंबून आहे, तपासणीच्या यंत्रावर अवलंबून आहे त्याहून कमी नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. पण संसर्ग नुकताच झालेला असेल तर काही दिवस तो तपासणीत पकडला जात नाही. म्हणून ‘फुकटात तपासणी होईल’ असं सांगून कुणाला शिबिराला आणणं हा गुन्हाच समजा. ज्याला शंका आहे त्यानं सरकारी रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात जावं, तिथे ती मोफत आणि गुप्त होते.

हिमोग्लोबिनच्या टेबलापाशी दोन मिनिटं थांबून बघण्यासारखं असतं. काही पेढ्या छोटं यंत्र वापरतात, बऱ्याच ठिकाणी अजून मोरचुदाचं निळं पाणी असतं. बोटाला टोचून नळीत घेतलेलं रक्त साधारण एक सेंटिमीटर उंचीवरून त्या निळ्या पाण्यात सोडतात. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ इतकं ठेवलेलं असतं, ते १२.५ हिमोग्लोबिनशी जुळतं. थेंबाभोवती लगेच एक पातळ कवच धरतं आणि थेंब गोळीसारखा दिसतो. तो पंधरा सेकंदांत सरळ तळाला गेला तर पास. मध्येच घुटमळला किंवा वर आला तर नापास. आता चूक कुठे होते? बोट नीट टोचलं गेलं नाही की तंत्रज्ञ ते दाबून दाबून पिळतो, त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं, थेंब हलका होतो आणि चांगला दाता परत जातो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी तेच. शिवाय ३० मिली पाण्यात पंचवीसेक थेंब झाले की ते बदलायचं असतं. गर्दीत हे विसरलं जातं. एकामागून एक माणसं नापास होऊ लागली तर ‘पाणी बदलून बघता का?’ एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

खरोखर नापास होणाऱ्यांत बायका बऱ्याच असतात. तिथे होणारी हसाहसी आधी बंद करा. ‘वहिनी, रक्त द्यायला आलात आणि तुमच्यातच नाही’ हा विनोद दर शिबिरात कुणीतरी करतोच. त्या बाईला तिचा आकडा कागदावर लिहून द्या आणि आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा. काहीजणींना आपल्याला ॲनिमिया आहे हे इथे पहिल्यांदा कळतं. तीन-चार महिने उपचार घेऊन ती परत आली तर पक्की रक्तदात्री होते.

पाण्याचा ग्लास मी मुद्दाम खाटेच्या आधी ठेवलाय. रक्त देण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी पोटात गेलं की चक्करेचं प्रमाण कमी होतं. शंभर दात्यांसाठी ५० लिटर धरा. लिंबू सरबत नंतरसाठी: शंभर ग्लासांना २५ लिटर पाणी, अडीच ते तीन किलो साखर, मोठी पन्नास लिंबं आणि ५० ग्रॅम मीठ. लिंबं आदल्या रात्री पिळून ठेवू नका, कडू होतात. चहा दुय्यम. बिस्किटं, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की हे पुरे. केळी नऊ डझन. वडापाव आणला तर रक्त देण्याआधीच खाऊन संपतो आणि तेलकट खाल्ल्यानं प्लाझ्मा दुधट होतो, असा प्लाझ्मा कधी कधी वापरताच येत नाही. हा सगळा खर्च वर्गणीतून काढण्याची गरज नसते. किराणा दुकानदाराला ‘देणगी द्या’ म्हटलं की तो पावती पुस्तकाकडे बघतो, ‘तीन किलो साखर द्या’ म्हटलं की देतो.

खाटेपाशी दोन खाटांमागे एक स्वयंसेवक. त्याचं काम गप्पा मारणं आणि चेहरा बघणं. चक्कर अचानक येत नाही, आधी सांगून येते: जांभया सुरू होतात, वरच्या ओठावर घाम येतो, बोलणारा माणूस एकदम गप्प होतो, चेहरा उतरतो. पहिल्यांदा देणारे, वीसच्या आतबाहेरचे, वजनानं पन्नासच्या आसपासचे आणि उपाशी आलेले यांच्याकडे जास्त लक्ष. लक्षण दिसलं की आधी परिचारिकेला हाक, ती सुई काढेल. डोकं सपाट, पाय उशीवर उंच, कपडे सैल, कपाळावर ओला रुमाल, भोवतीची गर्दी लांब. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. कांदा, चप्पल असले प्रकार तर मुळीच नकोत. सुई आत असताना दात्याला पायावर पाय टाकून मांड्या आवळायला आणि सैल सोडायला सांगितलं तर रक्तदाब टिकायला मदत होते. हे करून बघावं, काही लागत नाही.

सुई काढल्यावर आपल्याकडे सर्रास हात कोपरात दुमडून ठेवतात. ते चूक. दुमडलेल्या कोपरात शिरेवरचा दाब सरकतो, आत रक्त झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी हातावर वांग्याच्या रंगाचा डाग उठतो. तो डाग घरी आईनं बघितला की पुढचं रक्तदान संपलं. हात सरळ, कापसावर दुसऱ्या हाताची तीन बोटं घट्ट, पाच मिनिटं. त्यानंतर पट्टी, ती चार-पाच तास तशीच. त्या हातानं दिवसभर जड उचलायचं नाही. ज्याला संध्याकाळी ट्रक चालवायचाय, विजेच्या खांबावर किंवा परांचीवर चढायचंय त्यानं त्या दिवशी रक्त देऊ नये, हे नोंदणीतच विचारा.

खाणं खुर्चीवर बसून, किमान पंधरा-वीस मिनिटं. उभ्यानं चहा घेताना पडलेला माणूस टेबलाच्या कडेवर आपटतो. आणि स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या दात्यासोबत कुणीतरी जा, दाराला आतून कडी लावू नका म्हणा. रक्त सांडलंच तर मंडळानं फडकं घेऊन धावायचं नाही. पेढीचे मदतनीस हातमोजे घालून हायपोक्लोराईट हे जंतुनाशक टाकतात. कापूस, सुया, नळ्या सगळं त्यांच्याच गाडीतून परत जातं, त्यातला एक बोळाही घंटागाडीत नको.

उद्घाटन. पत्रिकेत नऊ, पाहुणे अकराला. तोपर्यंत आठला पोहे खाऊन आलेली माणसं पुन्हा उपाशी. उपाय एकच: रक्त घेणं साडेआठला सुरू, दीपप्रज्वलन पाहुणे येतील तेव्हा. पाहुण्यांना राग येत नाही, कार्यकर्त्यांनाच वाटतं की येईल.

भेटवस्तूंबद्दल थोडक्यात. रक्ताच्या बदल्यात पैसे किंवा पैशांच्या तोडीचं काही देणं राष्ट्रीय रक्त धोरणात बसत नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदीच आहे. हेल्मेट, डबा, ट्रॉली बॅग यांची लालूच लागली की माणूस कावीळ लपवतो, महिन्यापूर्वीचं रक्तदान लपवतो. प्रमाणपत्र, बिल्ला आणि हातात हात घेऊन मानलेले आभार पुरतात. जी पेढी स्वतःहून भेटवस्तूंची ऑफर देते तिला विचारा की हा खर्च कुठून निघतो.

त्यातूनच नेहमीचा वाद येतो: आम्ही फुकट दिलं, मग पेढी पैसे का घेते? पिशवी, तपासण्या, घटक वेगळे करणं, साठवण, माणसं यांचा तो खर्च असतो, रक्ताची किंमत नाही. त्यालाही मर्यादा आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनं २०२२ मध्ये लाल पेशींच्या पिशवीला खासगी केंद्रासाठी जास्तीत जास्त १,५५० आणि सरकारीसाठी १,१०० रुपये ठरवले, जादा चाचण्यांचं शुल्क वेगळं. हे आकडे शिबिराच्या भिंतीवर लावून ठेवा. दात्याला त्याच्या प्रमाणपत्राइतकीच ही माहिती उपयोगी.

शिबिर न घेता करता येण्याजोगं एक कामही सांगतो, कारण लहान सोसायटीला शंभर दाते जमत नाहीत आणि त्याची गरजही नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आयुष्यभर. महिन्याला दोन पिशव्या धरल्या तर वर्षाला २४. एक पुरुष वर्षातून चारदा देऊ शकतो, म्हणजे कागदावर सहा दाते पुरतात. आजारपण, गावाला जाणं, हिमोग्लोबिन घसरणं धरून त्याच गटाचे दहा ठेवा. दहा माणसं, एक वही, एक पेढी. महिन्याला दोघांनी जायचं. रक्तपेढीला विचारलं की ती अशा मुलाशी थेट ओळख न करून देताही हा गट जोडून घेते, आणि ओळख नसलेलीच बरी, आई-वडिलांवर उपकाराचं ओझं राहत नाही.

निगेटिव्ह गटाच्या माणसांनाही शिबिरात भरतीला आणू नका. त्यांची नावं, फोन पेढीला द्या आणि निरोप आल्यावरच पाठवा. बॉम्बे रक्तगटाचं तर विशेषच. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण या माणसाला ओ गटाचं रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं. यादीत असा एक माणूस निघाला तर त्याला जपून ठेवा.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला की काम संपत नाही. नोंदवहीत तीन रकाने ज्यादा आखा. पहिल्यात पुढची तारीख: पुरुषाची ९० दिवसांनी, बाईची १२० दिवसांनी. दुसऱ्यात परत पाठवलेल्यांचं कारण, तेही फक्त ‘वजन’, ‘उपास’, ‘हिमोग्लोबिन’ असं. बाकी वैद्यकीय कारण वहीत येऊच नये, ते डॉक्टर आणि दात्यात राहू द्या. तपासणीत काही निघालं तर पेढी त्या माणसाला थेट कळवते, मंडळाला नाही, आणि मंडळानं विचारायचंही नाही. तिसऱ्यात दुसऱ्या दिवशी केलेल्या फोनची नोंद: हात कसा आहे, चक्कर आली का, डाग उठला का. शंभर फोन चार जणांत वाटले तर तासाभराचं काम. ज्याचा हात दुखतोय त्याला पहिल्या दिवशी बर्फ, नंतर कोमट शेक सांगा, बोटांत मुंग्या असतील तर पेढीच्या डॉक्टरशी बोलणं करून द्या.

‘उपास’ आणि ‘वजन’वाल्यांना वेगळा फोन, पंधरा दिवसांनी. बाकीच्यांना त्यांच्या रकान्यातल्या तारखेच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी सातनंतर, घरी पोचल्यावर.